लॉट एकतीस: देवी, काळा पाषाण

बंगळूर, ९ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, म्हणून हे पत्र. हाताने लिहायची सवय मोडली आहे. शाळेत मारायचीस तशा लाल रेघा मारू नकोस.

आई जाऊन सात महिने झाले. ताराबाई पार्कातला फ्लॅट एप्रिलमध्ये नव्या मालकांच्या ताब्यात द्यायचा आहे. भांडी, कपडे, गाद्या बयाबाईच्या मदतीने वाटून झाल्या, ते तू पाहिलंसच. उरल्या त्या जुन्या वस्तू. माझं इथलं घर दोन खोल्यांचं, शिवाय मी आठवड्यातले चार दिवस बाहेर. त्या फुलदाण्या कोण पुसणार? तेव्हा मुंबईच्या एका लिलावघराला कळवलं. तिथून गुरुप्रसाद नावाचे गृहस्थ येऊन गेले. दगडी आणि चिनी मातीच्या वस्तू ते बघतात, दागिन्यांसाठी त्यांनी एक बाई सोबत आणल्या होत्या. दिवसभर भिंग लावून बसले आणि चौतीस नग निवडून घेऊन गेले.

मोठे मोठे नग सांगते. निळ्या फुलांचा इंग्लिश टी-सेट (एक बशी कमी), ड्रॅगनची फुलदाणी, झाकणाच्या दोन चिनी बरण्या, आजोबांची जेडची दौत, आईची पाचूची चिंचपेटी, माणकांच्या कुड्या. आणि कपाटात साड्यांच्या तळाशी सापडलेली एक छोटी दगडी देवी, अंगावर जुनं रेशमी वस्त्र असलेली. गुरुप्रसाद तिच्यावर फारच खूश झाले. आईने ती मला कधीच दाखवली नव्हती. कुठल्या गावची असेल, तुला काही माहिती? देवी विकणं बरं दिसत नाही असं क्षणभर वाटलं, पण माझ्याच्याने पूजा होणार नाही. ज्याला हवी असेल त्याच्याकडे जाईल.

लिलाव १५ मार्चला आहे. तुला यातलं काही हवं असेल तर संकोच न करता कळव.

तुझी
अनुजा


राजारामपुरी, कोल्हापूर, २२ जानेवारी २०२४

चि. अनुजा,

पत्र मिळालं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. रेघा मारलेल्या नाहीत.

टी-सेटचं वाचून जुनं आठवलं. तुझ्या आजोबांनी तो एका गोऱ्या इंजिनिअरच्या बाईकडून घेतला होता. ते लोक सामान विकून विलायतेला परत निघाले होते. आमच्या घरी तेव्हा चहा पितळी पेल्यातून व्हायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये जायला लागले आणि सिस्टरांनी कप कसा धरायचा ते शिकवलं, तेव्हा तो सेट पहिल्यांदा कपाटातून खाली आला. तुझी आजी म्हणाली, "बशीत ओतल्याशिवाय चहा निवतो कसा, ते तुझ्या सिस्टरला विचार." मी खरोखरच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "पेशन्स, माय चाइल्ड." घरी येऊन सांगितलं तर दादा, म्हणजे तुझे बाबा, हसून हसून खाली बसले आणि त्यात बशी फुटली. कमी आहे ती तीच.

तो सेट जाऊ दे. वस्तू वापरणाऱ्यांच्या असतात, आणि तो आता कोण वापरणार?

मात्र तुझ्या यादीतली एक गोष्ट जाऊ नये असं मला वाटतं. ती माझी नाही, त्यामुळे मागायचा मला हक्क नाही. वहिनीची होती, आणि एका परीने वहिनीचीही नव्हती. तू शांतपणे विचार केलास तर तुझ्या लक्षात येईल.

देवी कुठल्या गावची ते मला सांगता येणार नाही.

तब्येत ठीक. बयाबाई रोज येते आणि माझ्यावर ओरडते, त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, हे बरं आहे.

तुझी
आत्या


बंगळूर, ३ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

माझ्या लक्षात आलं, आणि खरं तर आधीच यायला हवं होतं. "वहिनीची होती आणि वहिनीचीही नव्हती." चिंचपेटी! आजीची ती, एकुलत्या एका लेकीला जायची, पण तू लग्न केलं नाहीस म्हणून आजीने सुनेच्या गळ्यात घातली. आईनेच मला हे एकदा सांगितलं होतं. "वन्संच्या वाटणीचं मी घालते," असं म्हणायची आणि म्हणूनच ती कार्यालासुद्धा फार घालायची नाही.

लॉट बाराला असलेली चिंचपेटी मी काढून घेतली आहे. विमा उतरवून पार्सलने तुझ्याकडे येईल. परत पाठवलीस तर मी रागवेन. सोबत छापून आलेला कॅटलॉग पाठवते. फोटो सुंदर आले आहेत. आपलं घर इतकं श्रीमंत होतं हे मला तो बघून कळलं.

देवी लॉट एकतीसला आहे. तिचं पान जरूर बघ.

तुझी
अनुजा


कोल्हापूर, ११ फेब्रुवारी २०२४

चि. अनुजा,

पार्सल आलं. बयाबाईच्या आग्रहाने चिंचपेटी गळ्याला लावून पाहिली. ती म्हणाली, "झ्याक दिसतंय की! आता नवरदेव तेवढा बगायचा ऱ्हायला." अडुसष्टाव्या वर्षी मला हे ऐकावं लागतं. चिंचपेटी तुझ्या नावाने बँकेत ठेवली आहे. माझं मन तिच्यात नव्हतं. माझं बोलणं मी धड केलं नाही, चूक माझी.

कॅटलॉग टेबलावर होता. बयाबाई केर काढता काढता थांबली आणि पानावर बोट ठेवून म्हणाली, "अवो बाई, ह्यो वरवंटा हाय की!"

मी म्हटलं, "खाली देवी लिहिलंय."

"लिवणाऱ्याला काय हो! त्येनं कदी चटणी वाटलीय का? ही झीज बगा. कुंची घाटलीया, डोळं काढल्यालं हायती. कुणाच्या तरी बारशातला हाय त्यो. आणि शेरातली शानी माणसं त्येला नमस्कार करनार व्हय? मिरचीच्या दगडाला?" आणि केर तसाच टाकून हसत बसली.

तू अशा बारशाला कधी उभी राहिलेली नाहीस, म्हणून सांगते. आपल्याकडे बारशाच्या दिवशी पाट्यावरचा वरवंटा धुऊन घेतात, त्याला डोळे काढतात, टोपडं-कुंची घालतात, म्हणजे अगदी बाळासारखा नटवतात. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसतात आणि त्याला पाळण्याच्या वरून, खालून, एकमेकींच्या हातात देतात. मग खरं बाळ पाळण्यात निजतं आणि आत्या त्याच्या कानात नाव सांगते. दुसऱ्या दिवशी वरवंट्याची कुंची काढतात आणि तो पुन्हा चटणी वाटायला लागतो.

तर लॉट एकतीस हा वरवंटा आहे. कॅटलॉगमधलं वर्णन चुकीचं आहे, आणि चुकीच्या वर्णनावर कुणाला काही विकणं बरोबर नाही. तो नग काढून घे आणि माझ्याकडे पाठव, म्हणजे झालं.

तुझी
आत्या


पाषाण व चिनी माती विभाग, मुंबई, १६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय कालिंदीताई,

अनुजाताईंनी आपलं पत्र मला वाचायला पाठवलं. कॅटलॉग इतक्या बारकाईने पाहिल्याबद्दल आभार. आपल्या मताचा पूर्ण आदर ठेवून आमची बाजू मांडतो.

घरगुती वरवंट्याशी आकाराचं साम्य आहे, हे मान्य. परंतु अनेक ग्रामदेवता अशाच निराकार दगडांच्या असतात. एका बाजूची सपाट झीज भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या तळहात फिरवल्याने आलेली दिसते. वस्त्र नंतरचं आहे, साधारण पन्नास वर्षांचं, पण त्याने मूळ दगडाचं वय कमी होत नाही. आम्ही नोंद "देवी (नाव अज्ञात), काळा पाषाण, दख्खन, बहुधा अठरावं शतक" अशी केली आहे.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा डोळ्यांचा आहे. बारशातला वरवंटा एका दिवसापुरता रंगवला जातो असं आपणच लिहिता. इथे काजळाचे थर एकावर एक आहेत. भिंगाखाली ते झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसतात. मी तीसपर्यंत मोजले, पुढे ते एकमेकांत मिसळतात. सर्वांत वरचा थर ताजा आहे, फार तर दीड-दोन वर्षांचा. म्हणजेच ठरावीक काळाने, नियमितपणे, अगदी अलीकडेपर्यंत कुणीतरी हे डोळे रेखत होतं. याला उपासना म्हणतात. चटणीच्या दगडासाठी हे कुणी करत नाही.

आपल्याला आनंद होईल की गोव्याच्या एका हॉटेलाने लॉटमध्ये रस दाखवला आहे. स्वागतकक्षात काचेच्या कोनाड्यात, दिव्याच्या उजेडात देवीची स्थापना करण्याचा त्यांचा विचार आहे.

आपला
गुरुप्रसाद


बंगळूर, १९ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

गुरुप्रसादांचं पत्र तुला मिळालं असेल. आता मी कुणाचं ऐकू? ते भिंग घेऊन बसतात आणि तू बयाबाईला घेऊन.

रागावू नकोस, पण एक विचारते. आधी लिहिलंस की गाव सांगता येणार नाही. मग एक गोष्ट जाऊ नये म्हणालीस, ती काय ते सांगितलं नाहीस. मी चिंचपेटी पाठवली तर ती बँकेत नेऊन ठेवलीस. आता म्हणतेस की हा वरवंटा आहे आणि तो तुझ्याकडे पाठव. आत्या, तुझ्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे. तुला वरवंटा कशाला हवा?

आणि वरवंटा असेल तर आईने तो साड्यांखाली का ठेवला होता? शेवटच्या वर्षी तिला बादली उचलवत नव्हती, आणि हा धोंडा तेवढा ती काढून डोळे रेखत होती?

छापून झालेला लॉट मागे घ्यायचा तर ६ मार्चपर्यंत लेखी कारण द्यावं लागतं. "आत्याला वाटतं" हे कारण मला लिहिता येणार नाही. खरं काय ते सांग. नाही सांगितलंस तर तो गोव्याला जाईल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही, कारण वाईट का वाटावं हेच मला माहीत नाही.

अनुजा


कोल्हापूर, २४ फेब्रुवारी २०२४

चि. अनुजा,

तू विचारलंस ते योग्य विचारलंस. मी वहिनीला शब्द दिला होता, म्हणून आडवळणाने लिहीत राहिले. खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. सिस्टर याला काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे.

तुझ्या आधी एक मुलगी झाली होती. २२ जुलै १९७६. वहिनी बावीस वर्षांची होती, मी एकवीसची. मुलगी छान होती, जावळ दाट. नवव्या दिवशी गेली. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं त्या आजाराचं, पण आता त्याला अर्थ नाही.

बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. शेजारच्यांचा पाळणा आणून माजघरात टांगून ठेवला होता. कुंची मी शिवली होती, शाळेत शिकलेल्या भरतकामाची हौस भागवून घेतली होती. काठाला छोटी छोटी पाकळ्यांची फुलं आहेत. गुरुप्रसादांच्या भिंगाला ती दिसली असतील.

बाराव्या दिवशी दुपारी पुरुषमाणसं बाहेर होती. तुझी आजी आत पडली होती. पाळणा काढायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मी पाणी प्यायला उठले, तर वहिनी स्वयंपाकघरात खाली बसून वरवंटा धूत होती. शिकेकाईने. मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. ती मात्र अगदी शांत होती. पुसून कोरडा केला, काजळाची डबी घेऊन डोळे काढले, कुंची घातली आणि मला म्हणाली, "वन्सं, दोरी धरा."

मी म्हटलं, "वहिनी, असं नका करू."

ती म्हणाली, "ती नावावाचून गेली हो. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारू?"

मी दोरी धरली. वरवंटा तिने पाळण्याच्या वरून माझ्या हातात दिला, मी खालून तिच्या हातात दिला. एरवी दहा-बारा बायका असतात, आम्ही दोघीच होतो. मग तिने तो पाळण्यात निजवला आणि म्हणाली, "आता आत्याबाईंनी नाव सांगायचं." मी नाव ठरवून ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं, आत्याने आधी सांगायचं नसतं. वाकले आणि सांगितलं. दगडाला कान कुठे असतो? मी डोळ्याच्या बाजूला, जिथे असायला हवा तिथे तोंड नेलं.

आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात, मोठी चेष्टा चालते. वहिनीने माझ्या पाठीत एकच गुद्दा घातला. तिच्या अंगात तेव्हा जोर नव्हता, तरी तो मला लागला.

संध्याकाळी तुझ्या आजीने विचारलं, "वरवंटा कुठं गेला?" वहिनी म्हणाली, "फुटला." दगडी वरवंटा फुटतो का गं? आजीने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात दारावर पाथरवटीण आली, तिच्याकडून नवा घेतला. तो आपल्या पाट्याला कधी नीट बसला नाही. चटणी भरड राहायची, आणि तुझे बाबा जेवताना कुरकुर करायचे. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तू झालीस. वहिनीने मला जवळ बोलावून सांगितलं, "वन्सं, ही दुसरी आहे हे नावात राहू दे. पण कुणी विचारू नये असं राहू दे." मी अनुजा ठेवलं. अनुजा म्हणजे मागून जन्मलेली, धाकटी बहीण. चौथीत असताना तुझ्या बाईंनी वर्गात विचारलं होतं, "तू एकुलती एक, मग कुणाची गं अनुजा?" तू रडत माझ्याकडे आली होतीस. मी म्हटलं, नाव ऐकायला गोड वाटलं म्हणून ठेवलं. वहिनी तिथेच भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. तिने माझ्याकडून शब्द घेतला होता की तुला हे कधी कळू नये. तू कुणाच्या तरी जागेवर आलीस असं तुला वाटू नये, एवढंच तिला हवं होतं.

मी समजत होते की कुंची घातलेला तो दगड तिने त्या दिवशी ठेवून दिला आणि मग हळूहळू विसरली. आम्ही दोघी पुढे सत्तेचाळीस वर्षं एकमेकींच्या घरी जात-येत होतो. हळदीकुंकू, दिवाळी, तुझे निकाल, दादाचं आजारपण. तिने एकदाही तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. दरवर्षीच्या काजळाचं मला ठाऊक नव्हतं. ते मला गुरुप्रसादांच्या पत्रातून कळलं. त्यांनी तीसपर्यंत मोजले, पुढचे मला मोजता येतात.

आता तू विचारशील की तिचं नाव काय. ते जगात मला एकटीला माहीत आहे, आणि मी ते पत्रात लिहिणार नाही. नाव कानात सांगायचं असतं.

दगड तुझा आहे. तुझ्या आईच्या कपाटातला आहे आणि तू तिची वारस आहेस. तू देशील तिकडे तो जाईल. कारण तुला हवं होतं, ते लिहिलं.

तुझी
आत्या


मुक्काम कोल्हापूर, ५ मार्च २०२४

श्री. गुरुप्रसाद यांस,

लॉट ३१ मी लिलावातून मागे घेत आहे. तुमच्या अर्जात कारणासाठी एकच ओळ आहे, ती पुरत नाही, म्हणून हे वेगळं पत्र. बाकी सर्व नग ठरल्याप्रमाणे विकावेत.

वस्तू विकायची नसली तरी तुमच्या नोंदवहीत चूक राहू नये असं वाटतं. ही देवी नाही. आमच्या घरातला वरवंटा आहे. सपाट झीज तळहातांची नसून कांदा-लसणाच्या चटणीची आहे. हे सांगताना बयाबाई शेजारीच उभी आहे आणि "त्येस्नी एकदा वाटायला बसवा" असंही लिहायला सांगते आहे. काळ अठरावं शतक असा दिला आहे, तिथे २ ऑगस्ट १९७६, दुपार, असं हवं. काजळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. तुम्ही ते मोजलंत, याबद्दल मी तुमची आभारी आहे.

नावापुढे तुम्ही "अज्ञात" म्हटलं आहे. नाव आहे. मला ते काल सांगण्यात आलं. ते कॅटलॉगसाठी नाही, तेव्हा ती जागा कोरी ठेवावी.

कृपया कुरिअरने पाठवू नये आणि कुंची काढू नये. मी बारा तारखेला स्वतः मुंबईला येते.

अर्जाच्या शेवटी, ताबा घेणाऱ्याचं वस्तूशी नातं या रकान्यात मालक, वारस आणि प्रतिनिधी असे तीन पर्याय छापले आहेत. ते तिन्ही खोडून मी बाजूला "धाकटी बहीण" असं लिहिलं आहे. तुमच्या कार्यालयात ते कुणी दुरुस्त करू नये.

अनुजा